बॅलेत नाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया. मग एखादी मोठी कंपनी स्त्रीने उभारली आहे का?

हो, लंडनची रॉयल बॅले. ती निनेट द व्हॅल्वा यांनी उभी केली. रशियन बॅले-निर्माते दियागिलेव्ह यांच्या कंपनीत नाचून आल्यावर 1926 मध्ये त्यांनी आधी शाळा काढली. हा क्रम फार महत्त्वाचा. शाळा नसेल तर नर्तक बाहेरून आणावे लागतात, प्रत्येकाची हात उचलण्याची ढब निराळी असते आणि मागच्या रांगेतल्या मुली एका वेळी वळत नाहीत. मग लिलियन बेलिस या दुसऱ्या कर्तबगार बाईंनी त्यांना आपल्या थिएटरात जागा दिली. 1931 मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा पगारी नर्तकी होत्या जेमतेम सहा! 1946 मध्ये, कापड रेशनवर असताना, याच कंपनीने ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेने लंडनच्या कव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाउस युद्धानंतर पुन्हा उघडलं. 1956 मध्ये राजसनद मिळाली.

1963 मध्ये द व्हॅल्वा संचालकपदावरून पायउतार झाल्या. त्यानंतर संचालकपदी पुढची स्त्री, मोनिका मेसन, आली थेट 2002 मध्ये. माझ्या मते अडचण इथेच आहे: मुली रांगेत तालमी करत राहतात, नृत्यरचना करायची संधी मात्र मुलांना लवकर मिळते, आणि संचालक निवडताना तोच अनुभव मोजला जातो.