पाच भाऊ गेले, वाटणी बहिणींची

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा कार्डिफला असतो. या उन्हाळ्यात त्याने आम्हां दोघांना चेपस्टोचा किल्ला आणि टिंटर्नचा पडका मठ दाखवला. मठात इझाबेल द क्लेअर या सरदारकन्येला पुरलं होतं. किल्ला तिचा आणि नवऱ्याला तो तिच्यामुळे मिळाला, असं कळलं. पाच मुलगे असूनही पुढे सगळं मुलींच्या घरी गेलं म्हणे. हे कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तलाठी म्हणून माझी बरीचशी नोकरी वारस नोंदींत गेली. त्यामुळे पत्र वाचल्यावर मी आधी वंशावळच काढली.

इझाबेलचे वडील रिचर्ड द क्लेअर, लोकांच्या तोंडी ‘स्ट्राँगबो’. वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टो त्यांचा. आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा डर्मट याची मुलगी. गेलेलं राज्य परत मिळवायला डर्मटने इंग्लंडच्या नॉर्मन सरदारांची मदत मागितली आणि बदल्यात स्ट्राँगबोला मुलगी व आपल्यामागे राज्य कबूल केलं. लग्न ११७० साली वॉटरफर्डला झालं. आयरिश रीतीप्रमाणे राजा भाऊबंदांतून निवडला जाई. मुलीकडून राज्य चालत येत नसे. नॉर्मनांना मात्र मुलीचा हक्क मान्य होता. शेवटी तलवार ज्यांची, त्यांचा कायदा चालला.

११७६ मध्ये वडील वारले. धाकटा भाऊ गिल्बर्ट ११८५च्या सुमारास, अज्ञान (वयात न आलेला) असतानाच गेला. आता नाव लागलं एकट्या इझाबेलचं. आपल्या सातबारावर अज्ञान वारसापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात ना, तसा तिचा अज्ञान पालनकर्ता खुद्द राजा. तिचं लग्न कुणाशी लावायचं तेही तोच ठरवणार. तिला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं होतं. इंग्लंडच्या राजा दुसऱ्या हेन्रीने ती विल्यम मार्शलला देऊ केली आणि त्याचा मुलगा रिचर्ड याने गादीवर येताच तो शब्द पाळला. ऑगस्ट ११८९. ती सतरा वर्षांची, तो चाळिशी ओलांडलेला, घरातला चौथा मुलगा, जमीन जवळजवळ नाही. तिच्या मनात काय होतं, हे कुठल्याच कागदात नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पण नवऱ्याला हक्क कुणाचा याचा विसर पडला नव्हता. १२०७ साली राजा जॉनने त्याला आयर्लंडहून बोलावून घेतलं. इझाबेल गरोदर होती, मागे वैरी टपलेले. त्याने किलकेनीला आपल्या सरदारांना जमवलं आणि तिचा हात धरून सांगितलं की ही तुमची जन्माने मालकीण आहे, तुम्हाला जमिनी देणाऱ्याची लेक आहे. माझं इथे जे आहे ते हिच्यामुळे. मार्शलच्या मुलाने पुढे बापाचं फ्रेंच पद्यचरित्र लिहवून घेतलं, त्यात हा प्रसंग आहे. मार्शल नसताना किलकेनी तिच्या माणसांनी राखलं.

मार्शल १२१९ मध्ये गेला, ती १२२०मध्ये. मग मुलांची पाळी. विल्यम १२३१, रिचर्ड १२३४, गिल्बर्ट १२४१, वॉल्टर आणि अन्सेल्म दोघेही १२४५ मध्ये, महिन्याभराच्या अंतराने. एकालाही औरस मूल नाही. मुलगे असले की थोरल्याला सगळं, हा तिथला नियम; म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे अखंड जात राहिलं. मुलींच्या बाबतीत मात्र थोरली-धाकटी नाही, समान हिस्से. मयत बहिणीचा हिस्सा तिच्या मुलांना.

१२४७ ला लेन्स्टरची वाटणी झाली तेव्हा पाच बहिणींतली एकटी मॉडच हयात होती. तिला कार्लो, शिवाय आपण पाहिलेला चेपस्टो आणि घराण्याचं मार्शलपद, म्हणजे राजदरबारातलं वंशपरंपरेचं पद. पदाचे तुकडे कसे करणार? इझाबेल नावाच्या मुलीच्या मुलाला किलकेनी. सिबिलला सात मुलीच होत्या, तेव्हा किल्डेअरचे सात हिस्से पडले. ईव्हाच्या मुलींच्या वाट्याला डनमेस, जोनच्या मुलीला वेक्सफर्ड आणि वेल्समधलं पेम्ब्रुक.

अशा सहहिस्सेदार बहिणींना इंग्रजी कायद्यात ‘कोपार्सनर’ म्हणत. हाच शब्द इंग्रज वकिलांनी आपल्या एकत्र कुटुंबातल्या पुरुषांना लावला, मुलींना बाहेर ठेवून! महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना त्यात घेतलं. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला. वारसांत मुलींची नावं लावायला गेले की भाऊ म्हणत, “तिला हुंडा दिलाय.” ‘कोपार्सनर’ हा शब्द मुळात बहिणींचा होता हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी त्यांना तिथेच सांगितलं असतं.

पेम्ब्रुकचं विचाराल, तर जोनच्या त्या मुलीचं लग्न राजा तिसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ विल्यम द व्हॅलन्स याच्याशी झालं. म्हणजे पणजोबा स्ट्राँगबोने, आजोबा मार्शलने आणि नातजावयाने, तिघांनीही मोठा वारसा मिळवला तो बायकोच्या नावावरच.