वाचकांचे प्रश्न : पिकअपवरच्या घरात पाण्याची सोय

प्रश्न : आमच्याकडे मालवाहू पिकअप आहे. तिच्या हौद्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटीची आणि प्लायवूडची केबिन मी स्वतः बांधत असून, सौ.ला घेऊन कोकण, गोवा आणि पुढे कारवारपर्यंत सावकाश प्रवास करण्याचा विचार आहे. पाण्यासाठी छतावर २०० लिटरची प्लास्टिकची टाकी, घरातल्याप्रमाणे सीपीव्हीसी पाइप आणि जुन्या आरओ यंत्रातला पंप वापरावा असे मनात आहे. ही योजना योग्य आहे का? सांडपाण्याचे काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण योजलेल्या तिन्ही वस्तू घरासाठी उत्तम आहेत, चालत्या वाहनात मात्र त्यांतली एकही तशीच्या तशी घेता येणार नाही.

प्रथम पाणी किती लागते ते पाहू, कारण टाकी, तिची जागा आणि वजन हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. दोन माणसांना पिण्यासाठी दिवसाला सात-आठ लिटर, स्वयंपाकाला तीन-चार, भांड्यांना सात-आठ आणि हात-तोंड धुण्यास पाच लिटर धरले तरी आंघोळ वगळता पंचवीस लिटरांत दिवस निघतो. म्हणजे तीन दिवसांची बेगमी ७५ लिटरची झाली. कोकणात तीन दिवस सलग पाणी मिळणार नाही अशी वेळ सहसा येत नाही, त्यामुळे ८० लिटरची एक टाकी आणि पिण्यासाठी वेगळा २० लिटरचा जार एवढी सोय मी पुरेशी मानतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, शिवाय टाकीचे वेगळे. केबिन, गादी, बॅटऱ्या, शेगडी आणि दोन माणसे यांची बेरीज करून ती आर.सी.वर नोंदलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहिल्याशिवाय टाकी विकत घेऊ नये. केबिन कायमची जोडणार असाल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली वाहनातील बदलाचा प्रश्न येतो. त्याबाबत परिवहन कार्यालयात आधीच विचारणा करून ठेवलेली बरी.

छतावर टाकी ठेवण्यामागे नळाला आपोआप दाब मिळावा हा हेतू असणार. पण पाण्याच्या एक मीटर उंचीमागे फक्त एक दशांश बार (बार हे दाबाचे एकक) इतकाच दाब मिळतो. छतापासून ओट्याच्या नळापर्यंत जेमतेम मीटरभराचे अंतर असल्याने नळाला धार येईल ती करंगळीएवढी. त्या बदल्यात वाहनाच्या माथ्यावर दोन क्विंटल वजन येते, आणि आंब्याच्या किंवा फोंड्याच्या घाटातल्या वळणांवर ते कसे झुकेल याची कल्पना आपल्याला असेलच. टाकी खाली, हौद्याच्या तळाला, शक्य तितकी पुढे म्हणजे चालकाच्या केबिनच्या पाठीशी असावी. मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे ठेवलेले वजन दोन्ही आसांवर वाटले जाते, तर आसाच्या मागे ठेवलेले वजन पुढची चाके उचलते. दोन आसांतील अंतर ३ मीटर असेल आणि २०० किलोची टाकी मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवली, तर पुढच्या चाकांवरील भार ४० किलोंनी घटतो आणि मागच्या आसावर २४० किलो येतात. सुकाणू हलके लागू लागते ते यामुळे.

भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी अधिक त्रासदायक असते. वळणावर पाणी एका बाजूला धावते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली तरी पाणी थांबत नाही. पाण्याच्या टँकरची बॉडी बांधणारे कारागीर यासाठी आत भोके पाडलेले आडवे पडदे जोडतात, ज्यांना ते बॅफल म्हणतात. सांगली-मिरजेकडे स्टीलचे काम करणारे फॅब्रिकेटर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून ८० × ४० × २५ सेंटिमीटर मापाची, १.२ मिलिमीटर जाडीच्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस पत्र्याची टाकी करून घेतल्यास ती बरोबर ८० लिटरची होते आणि दोन पडदे धरून तिचे वजन १४ किलोंच्या आसपास राहते. प्लास्टिकचीच हवी असल्यास खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची आणि प्रकाश आत जाऊ न देणारी घ्यावी, अन्यथा शेवाळ धरते. रसायनांचे रिकामे निळे पिंप कितीही धुतले तरी या कामासाठी वापरू नये. टाकी पट्ट्यांनी केवळ आवळून भागत नाही. चारही बाजूंनी अँगलची चौकट करून ती हौद्याच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने जोडावी.

टाकीला चार तोंडे हवीत : भरण्याचे, पंपाकडे जाणारे, अगदी तळातून रिकामे करण्याचे आणि हवेचे. यातले हवेचे तोंड हमखास विसरले जाते. हवा निघाली नाही तर भरताना पाणी उसळून बाहेर येते, आणि पंप ओढत असताना पातळ टाकीच्या बाजू आत दबतात. भरण्याची नळी ३२ ते ४० मिलिमीटरची असल्यास हवेची १२ ते १५ मिलिमीटरची पुरते. ती टाकीच्या वर नेऊन खाली वाकवावी आणि तोंडाला बारीक जाळी लावावी, नाहीतर मुंग्या व डास आत वस्ती करतात.

आता पंप. आरओ यंत्रातला पंप बहुधा २४ व्होल्टवर चालतो आणि मिनिटाला फार तर दीड-दोन लिटर पाणी देतो. त्याचे काम आरओच्या गाळणीच्या पडद्यातून थेंबथेंब पाणी दाबण्याचे आहे. आपल्याला १२ व्होल्टचा, मिनिटाला १० लिटरांच्या आसपास पाणी देणारा आणि ३५ ते ४० पीएसआय (म्हणजे सुमारे अडीच बार) दाबाला आपोआप बंद होणारा डायफ्राम पंप लागेल. नळ उघडला की दाब उतरतो व पंप सुरू होतो, नळ बंद केला की तो थांबतो. कृषी सेवा केंद्रात मिळणारा, बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप याच जातीचा आहे आणि तो गावोगावी दुरुस्त होतो, ही त्याची मोठीच जमेची बाजू. परंतु त्यांतले अनेक १०० पीएसआय किंवा त्याहून अधिक दाबाला बंद होतात, आणि तो दाब आपल्या जोडांना झेपणारा नाही. कमी दाबाचा मिळाला तर नवा घ्यावा. औषध मारलेला जुना पंप पाण्याच्या आसपासही आणू नये. पंपाच्या आधी बारीक जाळीचा गाळणा हवाच, कारण टाकी करताना राहिलेला धातूचा किंवा प्लास्टिकचा एखादा कण झडपेत अडकला की पंप चालत राहतो आणि दाब धरत नाही.

विजेची चिंता या पंपाबाबत करू नये. सहा अँपिअर ओढणारा पंप दिवसभरात चार मिनिटे चालला तर अर्धा अँपिअर-तासही खर्च होत नाही. तार मात्र जाड घ्यावी. बॅटरीपासून पंप ४ मीटरवर असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन जवळजवळ ०.९ व्होल्ट वाया जातात; २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हेच नुकसान ०.४ व्होल्टच्या आत राहते. बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. पंपाचे मुख्य बटण दाराशी ठेवावे आणि गाडी सुरू करण्यापूर्वी ते बंद करण्याची सवय दोघांनीही लावून घ्यावी, कारण वाटेत एखादा जोड निसटला तर चालू पंप सारी टाकी केबिनमध्ये ओतून मोकळा होतो आणि ते मुक्कामी पोहोचल्यावरच कळते.

सीपीव्हीसीचा दोष त्याच्या ताठपणात आहे. सोल्युशनने चिकटवलेला एल्बो भिंतीत वर्षानुवर्षे टिकतो. खड्ड्यांतून हादरे खाणाऱ्या केबिनमध्ये तोच जोडाशी तडकतो. पेक्स जातीचा लवचीक पाइप किंवा आत दोऱ्याची वीण असलेली, पिण्याच्या पाण्यास योग्य अशी अर्धा इंची नळी घ्यावी आणि प्रत्येक जोडावर स्टेनलेसच्या क्लिपा लावाव्यात. माझी पसंती वीण असलेल्या नळीला आहे. पेक्स अधिक टिकाऊ खरा, पण त्याचे जोड राजापूर किंवा अंकोल्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतीलच असे नाही. नळी आणि क्लिप मात्र कुठेही मिळते.

आतील प्लायवूडचे अस्तर लावण्यापूर्वी सर्व नळ बंद करून पंप रात्रभर चालू ठेवावा. मधूनच तो क्षणभर सुरू होऊन थांबत असेल, तर कुठेतरी गळती आहे. तीस-चाळीस किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी फिरवून आणून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

नवी टाकी वापरण्याआधी आणि पुढे दर मोसमाच्या सुरुवातीस तिचे निर्जंतुकीकरण करावे. १०० लिटर पाण्याला ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घातले की क्लोरिनचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम होते. ८० लिटरांना ८० मिलिलिटर पुरे. हे पाणी प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडून चार तास ठेवावे, मग काढून टाकून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. स्टीलच्या टाकीत ते रात्रभर ठेवू नये, वेल्डिंगपाशी गंज धरतो. क्लोरिनने जंतू मरतात. पाण्यातला खारटपणा जात नाही. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी आणि बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, म्हणून पिण्याचा जार वेगळा ठेवण्याचा आग्रह मी धरला. आणखी एक सांगावेसे वाटते : एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर जगणाऱ्या वाड्या सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पावसाच्या प्रदेशातही असतात. तिथे सार्वजनिक नळाला आपली ८० लिटरची टाकी लावण्यापूर्वी विचारावे, आणि शक्यतो पेट्रोल पंपावर किंवा जेवण घेतलेल्या ढाब्यावर भरून घ्यावी.

सांडपाण्यासाठी वाहनाखाली ४० ते ५० लिटरची दुसरी टाकी आणि तिला रुंद तोंडाचा व्हॉल्व्ह बसवावा. खरकटे आधी कागदाने पुसून घेतले तर टाकीत तेलाचा थर बसत नाही. दुर्गंधी येते ती मुख्यतः त्याचीच. सिंकखाली पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप असला तरी घाटात ते पाणी हिंदकळून निघून जाते, म्हणून सिंकला घट्ट बसणारे बूच हवे. ही टाकी उतरवायची ती गटारात किंवा शौचालयाच्या नाल्यात. ओढ्याकाठी किंवा समुद्रकिनाऱ्यावर मुळीच नाही.

प्रश्न : आमच्या केबिनमध्ये छोटी न्हाणी केली आहे. गरम पाण्यासाठी घरचा गॅस गीझर काढून बसवला तर चालेल का? — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : कृपया बसवू नका. खोलीतलीच हवा घेऊन जळणारा आणि धूर बाहेर न सोडणारा गीझर बंद जागेत प्राणवायू संपवतो व कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. या वायूला वास नसतो. घराच्या न्हाणीघरांतही यामुळे माणसे दगावली आहेत, आणि आपली पूर्ण केबिनच एखाद्या न्हाणीघराएवढी असणार.

विजेचा विचार केला तर १० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १७५ वॅट-तास लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले साधारण १५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरावे असा संकेत असल्याने एका बादलीलाच त्यातला मोठा वाटा जातो. १,५०० वॅटचा घरगुती रॉड इन्व्हर्टरवर लावल्यास बॅटरीतून १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जाईल. तो खेळ करूच नये.

सर्वांत सोपा उपाय शेगडीवरचा आहे. खिडकी उघडी ठेवून दोन लिटर पाण्याला उकळी आणावी आणि ते आठ लिटर साध्या पाण्यात मिसळावे, की ४० अंशांचे दहा लिटर पाणी तयार होते. दुसरा उपाय छतावरचा : ११० मिलिमीटर व्यासाचा, दोन मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप दोन्ही बाजूंनी टोप्या लावून काळा रंगवावा, एका टोकाला नळ आणि वर हवेसाठी छिद्र ठेवावे. त्यात सोळा-सतरा लिटर पाणी मावते आणि दिवसभराच्या उन्हात ते चांगले तापते. अर्थात आंघोळ संध्याकाळी करावी लागेल, सकाळपर्यंत ते पुन्हा गार होते. हे पाणी पिऊ नये.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये अशाच केबिनमधून स्पितीला जायचे आहे. पाण्याची काय काळजी घ्यावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : तिकडे त्या महिन्यात रात्री पारा शून्याखाली जातो, आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळी ताणली जाऊन बचावते. फुटतात ते पंपाचे तोंड, गाळण्याची वाटी आणि नळ. म्हणून स्पितीतल्या काझा गावाकडे चढण्यापूर्वीच टाकी रिकामी करावी, सर्व नळ उघडे ठेवून पंप अर्धा मिनिट कोरडा चालवावा आणि गाळण्याची वाटी उघडून पाणी झटकावे. पुढचे दिवस केबिनच्या आत, बिछान्याजवळ ठेवलेल्या दोन जारांवर काढावेत. गाडीच्या रेडिएटरचे कूलंट पाण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये, त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवू नये. आतल्या गोळ्याभोवती पाणी अडकून राहते आणि पितळी व्हॉल्व्हसुद्धा त्याने चिरतो. दांडा अर्ध्यावर, ४५ अंशांत वळवून ठेवला की ते पाणी निथळून जाते.