जपानी बोलताना कांजी कशी सांगतात?

प्रश्न आला आहे तो असा: जपानीत बोलताना एखाद्या शब्दाचं किंवा नावाचं कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेलं अर्थवाही अक्षर, नेमकं कोणतं, हे हाताशी कागद नसताना समोरच्याला कसं कळवतात?

मुख्य युक्ती उच्चार बदलण्याची. बहुतेक कांजींना दोन तऱ्हेचे उच्चार असतात: चिनीतून आलेला 'ओन' आणि अस्सल जपानी शब्दाचा 'कुन'. चिनी शब्द जपानीत आले ते आपले सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मागे टाकून, त्यामुळे ओन उच्चारांत सारखेपणा अतोनात वाढला. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजेच रसायनशास्त्र. लिहिताना पहिलं अक्षर वेगळं, ऐकताना काहीच फरक नाही. घोटाळा होईल असं वाटलं की रसायनशास्त्राला 'बाकेगाकु' म्हणतात. 'का' हा ओन उच्चार सोडून त्याच अक्षराचा कुन, 'बाके', घ्यायचा. त्याचा अर्थ रूप पालटणं. 'शिरित्सु' शाळा खासगीही असते आणि शहराच्या प्रशासनाचीही. मग खासगी ती 'वाताकुशिरित्सु', कारण तिथलं अक्षर 'मी'चं. शहराची ती 'इचिरित्सु'. लिपी न दाखवता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अक्षर उभं करणारी ही सोय मला जपानीतली सर्वांत देखणी वाटते.

नावांतही हेच चालतं. 'इतोऽ' आडनावातलं दुसरं अक्षर 'फुजी'चं, म्हणजे त्या जांभळ्या फुलांच्या वेलीचं, की 'हिगाशी'चं, म्हणजे पूर्वेचं? किंवा सरळ ओळखीचा शब्द पुढे करतात: 'तोऽक्योऽ नो तोऽ', म्हणजे टोकियोतला 'तोऽ'.

तेवढ्यानं भागलं नाही तर अक्षराचे अवयव सांगायचे. डावीकडे पाण्याचे तीन फटकारे असले तर 'सानझुई', माणूस असला तर 'निनबेन', डोक्यावर गवत असलं तर 'कुसाकानमुरी'. 'ताकाहाशी'तल्या 'ताका'चं एक रूप असं आहे की त्याचा मधला भाग शिडीसारखा दिसतो, म्हणून ते 'हाशिगोदाका', शिडीचा ताका. आपला 'पोटफोड्या ष' याच जातीचा: कानाला फरक कळेना, म्हणून आकारावरून नाव. आणि बोलता बोलता तळहातावर बोटानं अक्षर गिरवणं तर सर्रास चालतं.

मराठी माणसाचं नाव काताकानात, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत, लिहितात, त्यामुळे त्याला स्वतःची कांजी सांगावी लागत नाही. पण जपानी माणसाचं नाव लिहून घेताना विचारावंच लागतं, आणि त्यासाठीचं नेहमीचं वाक्य आहे: 'दोऽयुऽ जि ओ काकिमासु का?' म्हणजे, कोणतं अक्षर लिहिता?