शाळेत लिपिक आहे, भाषाशिक्षक व्हायचंय. शिष्यवृत्ती मिळेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जिंतूर तालुक्यातल्या एका अंशतः अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक आहात. बी.ए.ला मराठी आणि इंग्रजी होतं. इंग्रजीच्या सरांची जागा रिकामी आहे, त्यामुळे आठवी-नववीचे तास तुमच्याच गळ्यात पडलेत. आणि कुणीतरी सांगितलंय की शाळेतल्या कर्मचाऱ्याला बी.एड.चा खर्च सरकार देतं.

तसं काही नाही. मी नांदेडकडच्या एका बी.एड. कॉलेजच्या कार्यालयात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथपाल, सगळे हीच बातमी घेऊन यायचे. कर्मचारी म्हणून बी.एड.ची फी देणारी योजना त्या टेबलावर कधी आली नाही. ही अफवा बहुधा शिक्षकांच्या पाल्यांना मिळणाऱ्या फी सवलतीवरून उठते. ती सवलत लेकरांना असते, नोकरी करणाऱ्याला नाही. तुम्हाला जे मिळेल ते विद्यार्थिनी म्हणून मिळेल, आणि ते थोडंथोडकं नाही. पण त्यासाठी आधी खरोखरची विद्यार्थिनी व्हावं लागतं, आणि गाडी अडते ती तिथंच. म्हणून पैशाच्या आधी रजेचं बोलतो.

बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी ते तसं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, तासिका-प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी. इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षी. हे सगळं दहा ते पाचच्या लिपिकाच्या खुर्चीवर बसून होत नाही.

"होतं की, आमच्याकडे हजेरीचं बघून घेतात" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. आपल्या मराठवाड्यात तर प्रवेशाच्या हंगामात एसटी स्टँडवरसुद्धा भेटतात. वरचे पैसे घ्यायचे, परीक्षेपुरतं बोलवायचं. यात धोका कुठं आहे ते ऐका. तुमच्या शाळेच्या मस्टरवर १२ डिसेंबरला तुमची सही, आणि त्याच १२ डिसेंबरला दुसऱ्या गावच्या शाळेत इंटर्नशिपच्या वहीवरही तुमचीच सही. दोन्ही कागद माहितीच्या अधिकारात निघतात. पुढे तुम्ही शिक्षकपदासाठी दावा केला की ते काढणारा माणूस तुमच्याच स्टाफरूममध्ये बसलेला असतो. मग पदवीवर प्रश्न येतो, घेतलेल्या पगाराच्या वसुलीचा विषय निघतो आणि शिष्यवृत्ती घेतली असेल तर तीही परत मागतात. फुकट मिळणारी पदवी अशी महाग पडते. त्या वाटेला जाऊ नका.

दूरस्थ बी.एड.चं अनेकजण सुचवतील. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं आहे, इग्नूचं आहे. पण ते सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी आधी एनसीटीई मान्यतेचा एखादा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स नियमित वर्गात बसून केलाय त्यांच्यासाठी आहे. म्हणजे डी.एड. झालेल्या गुरुजींसाठी ती चांगली सोय. तुमचं डी.एड. नाही, पद लिपिकाचं आहे, तेव्हा ते दार तुम्हाला बंद. संस्थेकडून 'अध्यापन करतात' असा दाखला घेऊन फॉर्म भरू, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पगारपत्रकावर पदनाम लिपिकच राहणार.

मग उरते ती बिनपगारी रजा. खाजगी शाळांना १९७७चा कायदा आणि १९८१ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. संस्थेकडे लेखी अर्ज करा, शिक्षणासाठी असाधारण रजा मागा, संस्थेचा ठराव घ्या, मंजुरीपत्रावर जावक क्रमांक असू द्या आणि एक प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात देऊन पोच घ्या. अध्यक्षसाहेब 'जा, शिक, मी आहे' म्हणाले, एवढ्यावर राहू नका. दोन वर्षांत संस्थेत गट बदलतात, साहेब बदलतात. रजेच्या काळात सेवाखंड धरणार का आणि वेतनवाढ किती पुढं जाणार, हे त्याच पत्रात लिहून घ्या. घरात दोन वर्षं एक पगार कमी येणार आहे. फीपेक्षा मोठा खर्च तो आहे आणि तो कुठलीच योजना भरून देत नाही. हा हिशेब नवरा-बायकोनं बसून आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे.

तुम्ही बाई आहात, हा या घडीला सगळ्यात मोठा फायदा. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. बी.एड. व्यावसायिक अभ्यासक्रमातच मोडतं. अट एकच, पण कडक: प्रवेश सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थापातळीवर घेतलेल्या जागेला हे लागू नाही. 'ताई, कॅपमध्ये कशाला अडकता, थेट आमच्याकडे या' म्हणणाऱ्यानं तुमची १०० टक्के माफी एका वाक्यात घालवलेली असते. बी.एड.ची सीईटी चुकवू नका. त्यात बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता एवढंच असतं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या जागेसाठी ईएलसीटी नावाचा वेगळा पेपर असतो. फॉर्म भरताना तोही निवडा, तुमचं बी.ए.चं इंग्रजी तिथं कामाला येईल.

तुमच्या शाळेतले कुणी पुरुष सहकारी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: खुल्या प्रवर्गात ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी फी मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा २.५ लाख. नोकरदार विद्यार्थ्याला तिथं त्याचं स्वतःचं आणि पालकांचं उत्पन्न मिळून मर्यादेत असेल तरच, आणि तेही सक्तीच्या न परत मिळणाऱ्या फीपुरतंच मिळतं. निर्वाहभत्त्याची आशा धरू नये. बार्टी, सारथी, महाज्योती यांची नावं चर्चेत फार येतात, पण त्यांचा भर स्पर्धा परीक्षा आणि पीएच.डी.वर आहे. बी.एड.च्या फीसाठी तिथं चकरा मारण्यात अर्थ नाही.

उत्पन्नाचा दाखला इथं नेमका फसतो. तहसीलचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही बिनपगारी असलात तरी दाखल्यात तुमचा पगार दिसणारच, आणि लग्न झालंय म्हणून नवऱ्याचं उत्पन्नही त्यात धरायचं. बऱ्याच जणी माहेरच्या वडिलांच्या नावचा शेतीचा छोटा दाखला लावतात. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, तो सुरुवातीला चालून जातो, आणि तपासणीत पदनाम 'कनिष्ठ लिपिक' दिसलं की अर्ज खाली येतो. तुमचा पगार आणि घरचं मिळून ८ लाखांच्या आतच बसत असेल, मग लपवायचं कशाला? खरा दाखला काढा आणि फॉर्म १६ जवळ ठेवा.

दुसरा घोळ नावाचा. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर पुन्हा माहेरचं. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त थांबलेले अर्ज या एका कारणाचे होते. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला सीईटीच्या आधीच तयार ठेवा, कॅपच्या कागदपत्र पडताळणीत तोच लागतो. तिसरं म्हणजे बँक खातं. महाडीबीटीचा पैसा आधार जोडलेल्या खात्यात जातो, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही. गॅस सबसिडीसाठी कधीकाळी जोडलेलं, आता बंद पडलेलं जनधन खातं आधारला चिकटलेलं असतं आणि पैसे तिथं जाऊन परत फिरतात. बँकेत जाऊन पगाराचं खातं आधारला जोडून घ्या, पावती सांभाळा.

फीचंही नीट विचारून घ्या. शासन भरतं ती शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली शिक्षण फी. विकास निधी, 'ॲक्टिव्हिटी', गणवेश, सहल हे तुमच्या खिशातून. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून मंजूर फीचा कागद मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. सरकारी कॉलेज मिळालं तर उत्तमच; छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अध्यापक महाविद्यालय पसंतीक्रमात वर टाका, जिंतूरहून लांब पडतं तरी.

हे झालं सगळ्यांसाठीचं. भाषाशिक्षकासाठी खास म्हणावं असं थोडंच आहे, पण आहे.

कुणाला हिंदीचं व्हायचं असेल तर आग्र्याच्या केंद्रीय हिंदी संस्थानाचा 'हिंदी शिक्षण पारंगत' हा बी.एड.च्या तोडीचा कोर्स आहे. हिंदीतर राज्यांतल्या मुलांसाठीच तो आहे, प्रवेश परीक्षेनं निवड होते, वसतिगृह आहे आणि दरमहा छात्रवृत्ती मिळते. आपल्याकडून कुणी फारसं जात नाही, कारण आग्रा लांब आणि बातमी पोचत नाही. माझ्या मते घरची जबाबदारी नसलेल्या तरुण पोरांनी आधी हाच विचार करावा. त्याच संस्थेच्या हैदराबाद केंद्रात सेवेतल्या हिंदी शिक्षकांचे छोटे नवीकरण वर्ग होतात.

उर्दू शाळांतल्या मित्रांसाठी हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचं बी.एड. कॉलेज छत्रपती संभाजीनगरातच आहे, उर्दू माध्यमाचं.

आणि सीमेवरच्या शाळांत एक गोष्ट कुणालाच माहीत नसते. देगलूर, धर्माबादकडे लेकरं घरी तेलुगू बोलतात, उमरग्याकडे कन्नड. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या प्रादेशिक केंद्रांत सेवेतल्या शिक्षकांना दहा महिन्यांत दुसरी भारतीय भाषा शिकवतात, प्रतिनियुक्तीवर, पगार चालू ठेवून. यानं बी.एड.ची अर्हता मिळत नाही, ते तुमच्या कामाचं आज नाही. पण देगलूरच्या पहिलीच्या वर्गात लेकराला तेलुगूत 'दप्तर ठेव, पाणी पी' म्हणता येणारी बाई आणि न येणारी बाई यांत केवढा फरक पडतो, ते त्या शाळेत एक सकाळ बसून बघा. आपल्या विभागाला हे कधी सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजीसाठी हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा दूरस्थ पदव्युत्तर प्रमाणपत्र कोर्स आहे. तो चांगला आहे, पण बी.एड.नंतर करा. पाच-सात वर्षं शिकवून झाली की फुलब्राईटचा अध्यापन उत्कृष्टतेचा कार्यक्रमही बघा. माध्यमिक शिक्षकांना काही आठवडे अमेरिकेत नेतात, सगळा खर्च त्यांचा.

शेवटी एक कडू गोष्ट. बी.एड. झालं म्हणून तुमची संस्था तुम्हाला त्याच रिकाम्या जागेवर ऑर्डर देईल असं धरून चालू नका. अनुदानित शिक्षकपदं शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून भरली जातात आणि त्यासाठी टेट परीक्षा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. सहावी ते आठवीसाठी त्याशिवाय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर हवा, १५० पैकी खुल्यांना ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी करावी लागतेय, तेव्हा त्यातून सूट मिळेल हे डोक्यातून काढा. टीईटीचा अभ्यास बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा, बालमानसशास्त्र तेव्हा ताजं असतं. आणि सध्या तुम्ही घेताय त्या आठवी-नववीच्या तासांचा मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला घेऊन ठेवा. अर्हतेत तो मोजला जात नाही, पण मुलाखतीत बोलायला उपयोगी पडतो.

तुमचा प्रवर्ग आणि बी.ए.ची टक्केवारी प्रश्नात दिसली नाही. खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीवला ४५ टक्के लागतात. टक्के कमी असतील तर एम.ए.च्या गुणांवरही जाता येतं. या दोन गोष्टी आणि घरचं एकूण उत्पन्न लिहा, मग कुठल्या योजनेत बसता ते नक्की सांगतो.