तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागून घे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझं नाव सध्या रिक्रूटिंगच्या याद्यांमध्ये उंची-वजनासकट पुरेसं छापून येतंय. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण रविवारच्या मराठी शाळेत तुला सहा वर्षं ओढत नेलं त्याचा काहीतरी उपयोग व्हावा. शिवाय तुझ्या कोचला हे वाचता येऊ नये. एखादा शब्द अडला तर आईला विचार. बाबांना नको, त्यांचं मत मला फोनवर चाळीस मिनिटं ऐकून झालंय.

बाबांचं म्हणणं, पोरानं आयव्हीलाच, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या जुन्या नामांकित कॉलेजांपैकी एकात, जावं. तुझं म्हणणं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ऐंशी हजार लोकांसमोर फुटबॉल (इथला, हातात बॉल घेऊन पळायचा) खेळायला मिळणार असेल तर बाकीचं नंतर बघू. आणि परवा जेवताना हळूच विचारलंस, "मावशी, खरं सांग, कॉलेज निवडताना अभ्यासाला किती महत्त्व द्यायचं?"

तुझ्याबरोबरची बहुतेक मुलं फार देत नाहीत. निवड जाहीर करायला टेबलावर चार कॉलेजांच्या टोप्या मांडून, कॅमेऱ्यासमोर त्यातली एक डोक्यावर घालताना "ॲकॅडमिक्स" हा शब्द सगळेच उच्चारतात. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती असतो ना, तसं. मी वीस वर्षं खेळाडूंच्या अभ्यास-केंद्रात काढली, आधी ट्यूटर, मग सल्लागार. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात विचारायचे, इथे का आलास? कोच आवडला. माझ्या जागेवरचे दोघं पुढच्या वर्षी जाणार आहेत. इथून एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, पोरं जातात. आईला गाडीनं मॅचला येता येतं. आणि २०२१ च्या जुलैपासून, कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती घ्यायची मुभा मिळाल्यापासून, पैसे. अभ्यासाचा नंबर पाचवा-सहावा, तोही आई शेजारी बसली असेल तर.

याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. २०१२ साली ओहायो स्टेटच्या कार्डेल जोन्सनं ट्विटरवर लिहून टाकलं की आम्ही फुटबॉल खेळायला आलोय, शाळा-शाळा खेळायला नाही, तासांना काही अर्थ नाही. देशभर त्याला झोडपलं. मला तर तो पोरगा प्रामाणिक वाटला. पुढे २०१५ च्या जानेवारीत त्यानं संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि २०१७ मध्ये पदवीही पुरी केली. अठराव्या वर्षी काय बोललास यावरून तुझा कायमचा हिशोब होत नाही, एवढं त्यातून घे.

मुळात हा तिढा अमेरिकेचा आहे. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पायानं खेळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींच्या संघांची मॅच असली की आमच्या घरातले पुरुष ताट सोडून उठायचे. माझा थोरला भाऊ तालमीकडून खेळायचा आणि शिकायचा भलत्याच कॉलेजात. तालमीनं त्याला कधी मार्कं विचारली नाहीत, कॉलेजनं कधी गोल विचारले नाहीत. इथे मात्र दोन्ही बैल एकाच दावणीला बांधलेत. वैरण कुठल्या बैलाच्या जोरावर येते, हे तुला त्या स्टेडियमकडे बघून कळलं असेलच.

एनएफएलचे आकडे तुला पाठ आहेत, तरी एकदा माझ्याकडून ऐक. कॉलेजात खेळणाऱ्या शंभरांतले दोनही धड तिथे पोचत नाहीत. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए स्वतः १.६ टक्के म्हणते. जे पोचतात त्यांची सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची. तू त्या दीड टक्क्यात असशीलही. तरी पंचविसाव्या वर्षी हातात काय आहे हा प्रश्न उरतोच.

तर आता माझा मुद्दा. बाबा आणि तू, दोघंही कॉलेजच्या नावावर भांडताय. मला नावाशी घेणं नाही. कॉलेजचं शिक्षण चांगलं आहे का, हा तुझा प्रश्नच नव्हे. ते शिक्षण फुटबॉलवाल्याच्या वाट्याला येतं का, एवढंच तू बघायचं.

नॉर्थवेस्टर्न घे. नावाजलेलं विद्यापीठ, आणि पदवी पुरी करणाऱ्या फुटबॉल खेळाडूंचं प्रमाण देशातल्या सगळ्यात वरच्यांपैकी. तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, केन कोल्टर २०१४ मध्ये कामगार मंडळासमोर साक्षीला उभा राहिला. त्याला मेडिकलला जायचं होतं. त्यासाठी लागणारा केमिस्ट्रीचा तास प्रॅक्टिसच्या वेळेवर यायचा, म्हणून तो घेता आला नाही. मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलून तो सायकॉलॉजीकडे गेला. खेळाडू हे नोकर आहेत, असा निकाल त्या वर्षी विभागीय अधिकाऱ्यानं दिला. २०१५ मध्ये वरच्या मंडळानं त्या प्रकरणात पडायलाच नकार दिला. कायद्याचं ते तू सोड. तो केमिस्ट्रीचा तास लक्षात ठेव. पदवीच्या टक्केवारीत तो तास कुठेच दिसत नाही. टक्केवारी सांगते पदवी मिळाली. हवी ती मिळाली का, हे नाही सांगत.

आता माझंच सांगते, म्हणजे मी बाहेरून बोलते आहे असं वाटायला नको. विद्यापीठाचं नाव घेत नाही. आमच्याकडे एक ऑफेन्सिव्ह टॅकल होता, समोरच्यांना अंगानं अडवणारा धिप्पाड गडी, दारातून तिरका होऊन आत यायचा. त्याला पूल बांधायचे होते. खरंच, वहीच्या मागच्या पानांवर कमानी काढायचा. रात्री आठ वाजता स्टडी हॉलला यायचा तो गुडघ्याला बर्फाची पिशवी प्लास्टिकनं गुंडाळून. ते पाणी ठिबकून त्याच्या कॅल्क्युलसच्या वहीचे कोपरे फुगलेले असायचे. पहिलं वर्ष त्यानं कसंबसं रेटलं, बी मायनसवर. दुसऱ्या वर्षी सर्व्हेइंगची लॅब आली, मंगळवार-गुरुवार दुपारी दोन ते पाच. आणि संघाची मीटिंग सव्वादोनला. ती लॅब वर्षातून एकदाच, त्याच वेळेला. मी कोचच्या ऑफिसात जाऊन विचारलं. कोणी आवाज चढवला नाही. "बघू या काय करता येतं," म्हणाले. आठवड्यानं त्या पोराला दुसरं मेजर भरून देणारा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. पेन माझं होतं. मी समजावलं त्याला, हाही चांगला विषय आहे म्हणून. तो म्हणाला, "येस मॅम."

चार वर्षांत पदवी झाली. आमच्या टक्केवारीत भर पडली. आता एका काउंटीच्या रस्ते खात्यात देखरेखीचं काम करतो, बरं चाललंय त्याचं. दरवर्षी मला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो, आणि दरवर्षी तारीख चुकवतो.

तेव्हा कॉलेज बघायला व्हिजिटला जाशील तेव्हा लॉकर रूममधले दिवे, स्टेकचं जेवण, जर्सी घालून फोटो हे सगळं मजेत कर. मग तिथल्या सल्लागाराला एकच गोष्ट माग: तुला जे मेजर हवंय त्यात तिसऱ्या वर्षाला असलेल्या फुटबॉल खेळाडूचं चालू सत्राचं वेळापत्रक, नाव झाकून. तुला मेकॅनिकल इंजिनीअरिंग हवंय ना? मग मेकॅनिकलच्याच मुलाचं. "आमच्याकडे इंजिनीअरिंगचे खेळाडू आहेत" हे उत्तर चालणार नाही. ते बहुधा पोहण्याच्या किंवा धावण्याच्या संघातले असतात, किंवा स्कॉलरशिप नसलेला एखादा वॉक-ऑन. सल्लागार गोड हसून विषय बदलायला लागली, की समज. मी वीस वर्षं तसंच हसत होते.

मग जेवताना डेप्थ चार्टवर, म्हणजे एकेका जागेसाठी कोण कितव्या पसंतीचा त्या यादीत, तिसऱ्या नंबरला असलेल्या एखाद्या मुलाशेजारी बस. स्टार तुला काही सांगणार नाही, त्याला सगळं मिळत असतं. या मुलाला विचार, सोमवारी किती वाजता उठतोस आणि किती वाजता खोलीवर येतोस. नियम म्हणतो खेळाला आठवड्याला वीस तास. पण त्या वीसमध्ये मॅचचा अख्खा दिवस तीनच तास धरतात. प्रवास धरत नाहीत, ट्रेनरकडे बर्फात बसणं धरत नाहीत, "ऐच्छिक" व्यायाम तर नाहीच नाही. प्रवासाचं म्हणशील तर स्टॅनफर्डसुद्धा २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या कॉलेजांच्या एसीसी या गटात खेळतं, कॅलिफोर्नियातून उठून! तिथला अभ्यास उत्तम आहेच. विमानात किती होतो, ते तिथल्या पोरांना विचार.

"पाय मोडला तरी त्या कॉलेजात राहायला आवडेल का?" हा प्रश्न तुला सगळे सांगतील. बरा आहे, पण अर्धा. पाय मोडलेल्याला निदान दुपारची लॅब करता येते. पंचाईत पाय धडधाकट असताना होते. पायाचं विचारायचंच असेल तर हे विचार की स्कॉलरशिप किती वर्षांची, आणि दुखापतीनंतर तिचं काय. उत्तर लेखी घे. तोंडी गोड बोलणारा कोच पुढच्या डिसेंबरात दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

नामवंत कॉलेज म्हटलं की बाबा निश्चिंत होतात, म्हणून त्यांना नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट वाचून दाखव. चॅपल हिलचं विद्यापीठ देशातल्या उत्तम सरकारी विद्यापीठांपैकी आहे. २०१४ च्या चौकशी अहवालात निघालं की तिथे अठरा वर्षं असे कोर्स चालू होते ज्यांचा तासच भरत नव्हता. शेवटी एक निबंध द्यायचा, विभागाच्या कार्यालयातली बाई मार्क देणार, तेही भरघोस. ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएनं हात वर केले, कारण ते कोर्स इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. आणि त्याच्या आधीचं, १९८९ मधलं. वॉशिंग्टनच्या एनएफएल संघातला डेक्स्टर मॅनली सेनेटच्या समितीसमोर रडत सांगत होता की चार वर्षं कॉलेजात काढूनही मला वाचता येत नव्हतं. मी तेव्हा या देशात नवी होते. टीव्हीवर ते बघून मला वाटलं होतं, आपलं इंग्रजी समजण्यात काहीतरी चुकतंय.

उलट बाजूही आहेच. फ्लोरिडा स्टेटला कोणी अभ्यासाचं माहेरघर म्हणत नाही. तिथल्या मायरन रोल या फुटबॉल खेळाडूची, ऑक्सफर्डला शिकायच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत २००८ च्या नोव्हेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला होती, आणि त्याच दिवशी मेरीलँडला मॅच. मुलाखत दिली, निवड झाली, विमानानं गेला आणि अर्धवट सुरू झालेल्या मॅचमध्ये उतरला. मग एक वर्ष ऑक्सफर्ड. एनएफएलच्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीत नंबर लागला, पण एकही खरी मॅच खेळायला मिळाली नाही. नंतर तो न्यूरोसर्जन झाला. त्या दिवशी तो उशिरा येणार हे त्याच्या कोचनं चालवून घेतलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नावानं साधं असलेलं कॉलेजही तुझ्यासाठी मॅचची सुरुवात सोडून द्यायला तयार असू शकतं.

आयव्हीबद्दल बाबांशी एकदा हिशोब मांडून बस. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. तुमच्या घरात आयटीचे दोन पगार. म्हणजे वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपासचा खर्च बराचसा तुमच्याच खिशातून. तिकडे दक्षिणेत फी माफ, वर पैसे. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं तडजोड मान्य केल्यापासून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पैसे मोजणं काही पाप नाही. तुमचं ग्रीन कार्ड वेळेत आलं हे नशीब. आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर लटकणाऱ्या एच-४ वर असतास तर पैसे घेऊन काम करता आलं नसतं, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपला असता. आपल्या मंडळातल्या एका मुलीचं टेनिस याच चिंतेत चाललंय.

ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचं, थोडक्यात. नाही जमलं तर दुसरीकडे जाईन, हे आता खरंच सोपं झालंय. खेळाडू उचलून नेता येतो, क्रेडिट्स नाही. खेळत राहायचं तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के, मग ६०, मग ८० पुरे व्हावे लागतात. नव्या कॉलेजनं जुने कोर्स धरले नाहीत, की आकडा जमवण्यासाठी जे मेजर बसेल ते घ्यावं लागतं. इंजिनीअरिंग बसत नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

कॉलेजात खेळायला लागणारे हायस्कूलचे तुझे सोळा कोर कोर्स वेळेवर चाललेत, सरासरी ग्रेडची २.३ ची किमान अट तू केव्हाच मागे टाकलीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. फिजिक्सचा तो बी प्लस मात्र बघ जरा.

पहिली व्हिजिट पुढच्या शुक्रवारी ना? आईनं चिवड्याचा डबा दिला तर लाजू नकोस, त्या तिसऱ्या नंबरच्या पोराला दे आणि मग त्याचा सोमवार विचार. वेळापत्रकाचा फोटो काढून लगेच मला पाठव. लॅबचा रकाना मी आधी वाचेन.

तुझी,
मावशी