नागीण गेली, आग राहिली

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ६९. गेल्या गणपतीत डाव्या अंगाला, छातीखालून पाठीपर्यंत नागीण उठली. जाऊबाईंनी गेरू लावला. चार-पाच दिवसांनी दवाखान्यात गेले. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आता संक्रांत झाली तरी आग जात नाही. मध्येच अशी चमक येते की हातातलं भांडं पडतं. ब्लाऊज अंगाला टेकू देत नाही. रात्री पंख्याचा वारासुद्धा नको होतो. डॉक्टरांनी प्रीगाबालिन ७५ च्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ दिल्या, तर डोकं गरगरायला लागलं. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, ‘आजी, ही फिटची गोळी आहे.’ मी घाबरून बंदच केली. घरचे म्हणतात, आता तिथं काही दिसत नाही, मग दुखतं कसं? गावात म्हणतात, नागीण नीट उतरवली नाही. सून पाच महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर देत नाही, त्याला लागेल म्हणते. हे असंच चालायचं का मरेपर्यंत?
— एक आजी, कराड तालुका

उत्तर : आजी, आधी बाळाचं बघू. हा भाग सूनबाईंना वाचून दाखवा. नागिणीचे फोड ओले असतात तेव्हा त्यातल्या पाण्यातून विषाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो, तोही ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याच्याकडेच. आणि त्याला होतात त्या कांजिण्या. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की तो धोका संपला. तुमच्या खपल्या पडून कित्येक आठवडे झाले. आता जे दुखतंय ते कुणाला लागत नाही. बाळ खुशाल मांडीवर घ्या, फक्त उजव्या बाजूला. डाव्या कुशीत त्यानं पाय मारला तर तुमचाच जीव जायचा.

आता दुखण्याकडे वळू. लहानपणी तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्या असणार. त्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत नसांच्या मुळाशी जे गाठीसारखे पुंजके असतात, तिथे तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती खाली आली की एखाद्या नसेतून बाहेर पडतो आणि ती नस कातडीच्या जेवढ्या पट्ट्याला जाते तेवढ्यावर फोड आणतो. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूला उठते आणि मधल्या रेषेपाशी थांबते. तोंड आणि शेपटी भेटली की माणूस दगावतो, हे ऐकून किती बायका रात्र-रात्र आरशात पाठ बघत बसलेल्या मला माहीत आहेत! त्या भीतीला काही आधार नाही. आणि ‘उतरवली’ नाही म्हणून तुमचं दुखणं राहिलं, असंही नाही.

विषाणू जाता जाता ती नसच जखमी करून गेला. दारावरची बेल आत दबून अडकावी, बाहेर कुणी नसताना घरात घणघण चालूच राहावी, तशी ती मेंदूला निरोप धाडत राहते. कातडी बरी झाली, नस झाली नाही. घरच्यांना काही दिसत नाही हे खरं आहे. तुम्हाला आग होते हेही तितकंच खरं आहे. मी भूलतज्ज्ञ. पुढे बरीच वर्षं वेदनांची ओपीडी चालवली. तिथं येणारा नागिणीचा पेशंट मला दारातूनच कळायचा. एक निवृत्त मास्तर यायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत शर्ट धरून, तो अंगापासून वर उचलूनच खुर्चीत बसायचे. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, आणि तेवढीच एक जागा चुरगळून मऊ पडलेली. डोळे मिटायला सांगून मी कापसाचं बोंडुक हलकेच पाठीवरून पुढे फिरवायची. एका ठिकाणी ते ताडकन उडायचे. तिथं बॉलपेनाची खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्या की नसेचा पट्टा उमटायचा. सोबत आलेल्या मुलाला मी मुद्दाम तो बघायला बोलवायची. नाटक करणाऱ्याला अशी सरळ रेघ साधत नाही.

नागिणीनंतर तीन महिने उलटूनही दुखणं राहिलं की त्याची वेगळी चिकित्सा करावी लागते. साठीपुढे हे जास्त दिसतं. डायक्लोफिनॅक, ब्रूफेन असल्या नेहमीच्या गोळ्यांचा इथं फारसा उपयोग नाही. उलट तुमच्या वयात त्या मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडतात. बिथरलेल्या नसेला शांत करणारी औषधं लागतात. त्यातली काही मुळात फिटसाठी निघाली, जसं गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन. काही नैराश्यासाठी, जसं अमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन. दुकानातला मुलगा खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. तुम्हाला फिट येत नाही आणि वेडही लागलेलं नाही. ही औषधं नसांवर काम करतात म्हणून दिली जातात.

तुमचं गरगरणं मात्र मी गंभीरपणे घेते. ७५ ची गोळी दिवसातून दोनदा हा सर्वसाधारण डोस आहे, पण सत्तरीच्या माणसाला एवढ्यानं सुरुवात केली की भोवळ यायचीच. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि स्पष्ट सांगा की गरगरल्यामुळे बंद केली. कमी ताकदीची गोळी, आधी फक्त रात्री, आणि मग आठवड्या-आठवड्यानं वाढवत नेता येईल का, असं विचारा. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. पावलांवर सूज आली तर सांगा. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा. पुन्हा सुरू केलीत की मनानं एकदम तोडायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभ्या राहा. मोरीपर्यंतचा दिवा लावून ठेवा. खुबा मोडला तर ही आग परवडली म्हणायची वेळ येते.

ते नाहीच सोसलं, तर दुसरं औषध आहे. अमिट्रिप्टिलिनच्या दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. रात्रीच घ्यायचं, झोपही लागते. तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा लघवी अडकण्याची तक्रार असेल तर आधी सांगायचं, आणि तुमच्या वयाला एक ईसीजी काढलेला बरा. कुठलंही असलं तरी योग्य डोसला पोचल्यावर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून टाकून देणारे पेशंट मी सगळ्यांत जास्त पाहिले.

वरून लावायचंही आहे. लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी आगीच्या जागेवर बारा तास ठेवायची, बारा तास काढायची. कातडी सलग हवी, जखमेवर नाही. ती रक्तात फारशी जात नसल्यानं म्हाताऱ्या माणसांना मला ती आवडते, खर्च तेवढा बघावा लागतो. दुसरं मलम कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीच्या तिखटाचं. मिरची आणि चटका, दोन्हींची वर्दी नसेतला एकच ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारा रिसेप्टर, मेंदूला देतो. तो शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर. मलम रोज लावत राहिलं की नस थकून निरोप धाडणं कमी करते. पण पहिले काही दिवस आग वाढते, आणि तो हात डोळ्याला लागला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हाला सध्या स्पर्शच सोसत नाही, तेव्हा हे नंतरचं.

ब्लाऊजचं सांगते. सैल कपडा बरा असं वाटतं, पण सैल कपडा हालताना घासतो, आणि घासणंच सोसत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा पट्टा आगीच्या जागेवर बेतानं, अगदी सुरकुती न पडता गुंडाळा आणि वरून ब्लाऊज घाला. अंगाला चिकटून राहणारा, न हालणारा दाब बहुतेकींना चालतो. नायलॉन, जरीचे काठ तिथं नकोत. शेकायला गरम पिशवी घेऊ नका. कातडीच्या त्या दुखऱ्या पट्ट्यात काही ठिकाणी बधिरपणाही असतो, भाजलेलं कळत नाही.

मरेपर्यंत का, असं विचारलंत. बहुतेकांचं दुखणं महिन्या-महिन्यानं ओसरतं, काहींचं वर्ष-दोन वर्षं रेंगाळतं, थोड्यांचं राहतं. ‘शून्य’ची वाट बघत बसू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज रात्री दहापैकी किती दुखलं ते लिहा, शेजारी झोप किती तास लागली ते. आठाचं पाच झालं आणि सलग चार तास झोप लागली, तर औषध लागू पडलंय. दोन औषधं नीट डोसला घेऊनही आकडा हलत नसेल तर वेदनातज्ज्ञांकडे जा. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत हा विभाग असतो, बऱ्याचदा भूलतज्ज्ञच तो सांभाळतात. नसेभोवती इंजेक्शन देण्यासारखे उपाय ते ठरवतात. बी-१२ ची इंजेक्शनं सरसकट मारून घेऊ नका. रक्तात कमी निघालं तर जरूर घ्या.

प्रश्न : वय ६२, मधुमेह आहे. वडिलांना नागिणीनंतर दोन वर्षं फार त्रास झाला. मला होऊ नये म्हणून लस आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन इंजेक्शनं, मध्ये दोन ते सहा महिने. तिच्यात जिवंत विषाणू नाही. पन्नाशीपुढच्यांवरच्या मोठ्या चाचणीत नागीण टाळण्यात ती ९० टक्क्यांहून जास्त प्रभावी ठरली. किंमत अंगावर येते, दोन्ही डोस मिळून किती होतात ते आधी विचारून घ्या. मी स्वतः घेतली. दुसऱ्या डोसनंतर दिवसभर अंग मोडून आलं, दंड दुखला, मग काही नाही. झालेल्या दुखण्यावर मात्र तिचा उपयोग नाही, म्हणून कराडच्या आजींना वर ती सुचवली नाही.

लस घ्या किंवा न घ्या, एक लक्षात ठेवा. एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं की गेरूच्या नादी न लागता ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा त्याच गटातलं विषाणूविरोधी औषध सुरू व्हायला हवं. दुखणं पुढे उरणारच नाही असं नव्हे, पण नागीण लवकर आटोक्यात येते. आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आला, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.