बायोचार उपाशीपोटी शेतात टाकू नका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

बायोचारबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यातला एक आधी घेतो, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. एका शेतकऱ्याने लिहिलंय: "पेरणीआधी हेक्टरी १० टन ताजा बायोचार पसरून कुळवला. उगवण चांगली झाली, पण तीन आठवड्यांत पीक पिवळं पडलं. माल खोटा निघाला का?"

खोटा नव्हता, उपाशी होता. बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजून केलेला कोळसा. त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. चांगल्या लाकडी बायोचारच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग काहीशे चौरस मीटर भरू शकतो. असा रिकामा कोळसा मातीत गेला की अमोनियाच्या रूपातलं नत्र स्वतःकडे ओढून धरतो. शिवाय ताज्या कोळशात थोडा सहज कुजणारा भाग उरलेला असतो. तो खाताना जिवाणूही मातीतलंच नत्र वापरतात आणि पिकाला कमी पडतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील, तर हेच झालं असण्याची शक्यता मोठी. नत्राचा पुढचा हप्ता जरा लवकर द्या. कोळसा वेचून काढायची गरज नाही, तो हळूहळू मातीत मुरेल. मीही पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या वाफ्यात कोरडा कोळसाच टाकला होता. शेजारचा बिनकोळशाचा वाफा जास्त हिरवा दिसला आणि पाहायला आलेल्यांसमोर माझी चांगलीच फजिती झाली.

म्हणून आधी त्याचं पोट भरा. बायोचारचा एक भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक ते दोन भाग, टोपलीच्या मापाने घेऊन मिसळा. वरून पातळ शेणकाला शिंपडा आणि ढीग दोन ते चार आठवडे सावलीत ओलसर ठेवा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओल पुरे. त्याहून सोपं म्हणजे कंपोस्टचा ढीग रचतानाच दहाव्या हिश्श्याएवढा बायोचार थरांत घालायचा. ढिगातून अमोनिया उडून जातो तो बराचसा आतच अडकतो, वासही कमी येतो.

"भट्टी नाही, घरी करता येईल का?" येईल. वर रुंद आणि खाली निमुळता, सुमारे दीड मीटर तोंडाचा आणि पाऊण मीटर खोलीचा खड्डा घ्या. काटक्या, पऱ्हाट्या, तुराट्या, दाणे काढलेली कणसं असा माल कडक वाळलेला हवा. ओला असला की धूर झालाच समजा. तळाशी बारीक काटक्यांची उभी रास रचून ती वरून पेटवा. निखारे झाले की पातळ थर घाला. थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागली की लगेच पुढचा थर टाका. ही पांढरी झाक चुकवू नका: उशीर केला तर कोळशाची राख होते, आणि घाई करून जाड थर टाकला तर ज्वाळ दबून धूर उठतो. वर ज्वाळ नीट जळत असली की धुरातले वायू तिथेच जळतात आणि खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे. खड्डा भरत आला की भरपूर पाणी ओता. कडेने वाफ उसळते, तेव्हा वाऱ्याच्या बाजूने उभे राहा. आतला एखादा निखारा जिवंत राहिला तर ढीग रात्रीत पेटू शकतो, म्हणून खालीवर करून पुन्हा भिजवा. वाळलेल्या मालाच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा हाती येतो, कधी त्याहूनही कमी. रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड आणि प्लॅस्टिक यात अजिबात नको.

जमला की नाही हे तळहातावर कळतं. तुकडा चुरडून हात साध्या पाण्याने धुवा. काळं निघून गेलं तर ठीक. तेलकट चिकटा राहिला तर माल अर्धवट भाजलाय, तो शेतात टाकू नका.

आता जमिनीचं. "आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८.४. टाकू का?" मी तरी घाई करणार नाही. बायोचार बहुतेक वेळा स्वतःच अल्कधर्मी असतो. आम्ल, हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत त्याचा गुण सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे सामू वर येतो आणि अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात. वाळूसर जमीन पाणीही जास्त वेळ धरते. तुमच्याकडे मात्र स्फुरद, लोह, जस्त आधीच जखडलेलं असणार. सामू आणखी चढला तर त्यात भर पडेल. कोंबडीखताचा किंवा पेंढ्याचा बायोचार राख आणि क्षारांनी भरलेला असतो, तो तुमच्यासाठी नकोच. करून बघायचंच असेल तर लाकडी कोळसा, कंपोस्टमध्ये मुरवलेला, आणि तोही एका पट्ट्यात.

मात्रा किती? प्रयोगांमध्ये हेक्टरी ५ ते २० टन वापरतात. चौरस मीटरला १ किलो म्हणजे हेक्टरी १० टन. एवढा कोळसा घरी करायचा तर कितीतरी पट काडीकचरा लागेल, हिशेब करून बघा. त्यापेक्षा ओळीत किंवा रोपाच्या खड्ड्यात मुळांजवळ द्या, थोडक्यात भागतं. दरवर्षी टाकलाच पाहिजे असं नाही, कारण तो सहज कुजत नाही. अॅमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांनी तयार केलेली काळी माती, 'टेरा प्रेटा', काही ठिकाणी दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात तो कोळसा अजून टिकून आहे. पण त्या लोकांच्या मातीत हाडं, घरातला ओला कचरा, विष्ठा, खापऱ्या असं बरंच काही मिसळलेलं होतं. नुसत्या कोळशाची ती करामत नव्हे.

पर्यावरणाचा फायदा खरा आहे का, असंही एका ताईंनी विचारलंय. शेतात उघड्यावर अवशेष जाळले तर जवळजवळ सगळा कर्ब हवेत जातो. नीट कोळसा केला तर साधारण निम्मा कर्ब कोळशात उरतो आणि त्यातला मोठा भाग शंभर वर्षांनंतरही जमिनीत असतो. ७५ टक्के कर्ब असलेल्या १ टन बायोचारमधला कर्ब सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. नायट्रस ऑक्साइड या हवामान तापवणाऱ्या वायूचं मातीतून होणारं उत्सर्जनही अनेक प्रयोगांत कमी झालेलं दिसलंय. मात्र धूर ओकणारा खड्डा मिथेन हा तसाच तापवणारा वायू सोडतो आणि यातला बराच फायदा खाऊन टाकतो.

उगवणीपूर्वीचं तणनाशक वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कोळसा तेही शोषून घेतो आणि तण मरत नाही. अशा पट्ट्यात खुरपणीची तयारी ठेवा, तणनाशकाची मात्रा वाढवू नका.